उचललेला बचावपटू खेळणार कुठे?

सप्टेंबर संपत आला की अमेरिका-कॅनडातल्या नॅशनल हॉकी लीगमध्ये, म्हणजे एनएचएलमध्ये, रोज दुपारी दोनच्या सुमारास नावांची एक यादी बाहेर पडते. (ही बर्फावरची हॉकी. मैदानावरच्या हॉकीशी तिचं नातं नावापुरतंच.) यादीतल्या प्रत्येक खेळाडूला त्याच्या संघाने ‘वेव्हर्स’वर ठेवलेलं असतं. त्याला खालच्या लीगमध्ये पाठवायचंय, दुसऱ्या कुणाला हवा असेल तर चोवीस तासांत सांगा, असा त्याचा अर्थ. बहुतेक नावं कुणालाच नको असतात. पण दर वर्षी तेवीस-चोवीस वर्षांचा, कधीकाळी नवख्यांच्या वार्षिक निवडीत (ड्राफ्टमध्ये) पहिल्या फेरीत निवडलेला एखादा बचावपटू त्या यादीत सापडतो, तळाचा एखादा संघ त्याला उचलतो आणि त्या संघाचे चाहते घबाड मिळाल्यासारखे खूश होतात.

यातला आनंद बऱ्याचदा अकाली असतो. खेळाडू वाईट असतो म्हणून नव्हे. उचलणाऱ्याने त्याला खेळवायचं कुठे आणि कधी, हे ठरवलेलंच नसतं आणि नियमही असे आहेत की न ठरवता उचललं तर पोरगा अडकून पडतो. संघांनी तरुण बचावपटू उचलूच नयेत असं माझं म्हणणं नाही, उचलावेतच. पण आधी त्याच्यासाठी जागा रिकामी करावी, आणि लीगने उचलणाऱ्या संघाच्या हातातली एक बेडी सैल करावी.

आधी व्यवहार कसा चालतो ते पाहू. हंगाम सुरू होण्याच्या बारा दिवस आधी वेव्हर्सचा काळ सुरू होतो. हंगाम सुरू होईपर्यंत प्रत्येक संघाला आपली यादी तेवीस जणांवर आणावी लागते आणि एकूण करार पन्नासच्या वर जाऊ द्यायचे नसतात. नवख्यांना पहिली काही वर्षं वेव्हर्समधून सूट असते. ती संपलेला खेळाडू खालच्या अमेरिकन हॉकी लीगमध्ये, म्हणजे एएचएलमध्ये, पाठवायचा तर तो आधी वेव्हर्समधून, कुणी हक्क न सांगता, सुटावा लागतो. एकाहून जास्त संघांनी हक्क सांगितला, तर १ नोव्हेंबरपर्यंत मागच्या हंगामाच्या तक्त्यात जो तळाला त्याला आधी मान. बदल्यात खेळाडू द्यायचा नाही, वार्षिक निवडीतली आपली पाळी द्यायची नाही. फक्त ठरलेली किरकोळ रक्कम भरायची आणि त्याचा चालू करार जसाच्या तसा अंगावर घ्यायचा. फुकट म्हणतात ते एवढ्यासाठीच.

खरी किंमत पुढे मोजायची असते. उचललेल्या खेळाडूला खाली पाठवायचं झालं, तर उचलणाऱ्या संघालाही त्याला पुन्हा वेव्हर्सवरूनच न्यावं लागतं. म्हणजे तो तेवीस जणांत तरी राहतो, नाहीतर हातचा जातो. मधली वाट जवळजवळ नाहीच. जुना मालक त्याला परत घेऊ शकतो. पण परत घेऊन थेट एएचएलला पाठवायचं असेल, तर हक्क सांगणारा तो एकटाच असावा लागतो. शिवाय मधल्या काळात खेळाडू दहा सामने खेळलेला नसावा आणि तीस दिवसांहून जास्त यादीत राहिलेला नसावा.

ही अडचण आक्रमकांपेक्षा बचावपटूंना का जास्त टोचते, ते साध्या गणितात दिसतं. साठ मिनिटांच्या सामन्यात बर्फावर एका वेळी तीन आक्रमक आणि दोन बचावपटू असतात. आक्रमकांची एकूण मिनिटं १८०, ती बाराजणांत वाटली की सरासरी पंधरा. बचावपटूंची १२०, पण वाटेकरी सहाच, म्हणजे सरासरी वीस. चौथ्या फळीतला कच्चा आक्रमक प्रशिक्षक आठ मिनिटांत खपवू शकतो आणि तिसऱ्या सत्रात त्याला बाकावर विसरूनही जाऊ शकतो. तिसऱ्या जोडीतल्या बचावपटूला तेरा-चौदा मिनिटं द्यावीच लागतात. नाही दिली तर पहिल्या चौघांवर पंचवीस-पंचवीस मिनिटांचा बोजा पडतो आणि जानेवारीत त्यांचे पाय जड होतात. बचावफळीत माणूस लपवायला कोपरा नसतो. म्हणून प्रशिक्षकाला ज्याची पूर्ण खात्री नाही, तो सहांत येतच नाही. सातवा किंवा आठवा होऊन प्रेस बॉक्समध्ये, म्हणजे पत्रकारांच्या कक्षात, सूट घालून बसतो.

त्यात चुकीची शिक्षा वेगळी. आक्रमकाचा पास चुकला की बहुधा खेळ उलटा फिरतो, एवढंच. बचावपटू आपल्या गोलमागच्या कोपऱ्यात पक, म्हणजे खेळायची रबरी चकती, उचलायला पाठमोरा धावतो, मागून अंगावर येणाऱ्याचा अंदाज घेत मान वळवतो आणि अर्ध्या सेकंदात ठरवतो की साथीदाराकडे फिरवायचा, भिंतीवरून काढायचा की मधून द्यायचा. तो अर्धा सेकंद चुकला की पक जाळ्यात. हा अंदाज सरावात येत नाही, कारण सरावात आपलाच सहकारी हाडं मोडायच्या बेताने अंगावर येत नसतो. उलट्या दिशेने स्केटिंग करत समोरच्याशी नेमकं किती अंतर ठेवायचं, हेही तसंच. दोन-तीनशे व्यावसायिक सामने झाल्याशिवाय बचावपटू कळत नाही, असं हॉकीतली जाणती माणसं म्हणतात. आकडा काटेकोर नसेल, पण दिशा बरोबर आहे.

आणि नियमांचं घड्याळ नेमकं याच वयात वाजतं. लीग आणि खेळाडूंच्या संघटनेने केलेल्या २०१३ च्या सामूहिक करारातल्या कोष्टकानुसार अठराव्या वर्षी सही करणाऱ्या खेळाडूला वेव्हर्समधून पाच वर्षांची किंवा १६० एनएचएल सामन्यांची सूट आहे. एकोणिसाव्या वर्षी सही केली तर चार वर्षं, विसाव्या वर्षी तीन. सामन्यांची अट तिन्हींना १६० चीच. वजाबाकी-बेरीज करून पाहा, तिन्ही वाटा तेविसाव्या वर्षाशीच येऊन थांबतात. आता गंमत अशी की हेच कोष्टक गोलरक्षकांसाठी वेगळं आहे. अठराव्या वर्षी सही केलेल्या गोलरक्षकाला सहा वर्षं मिळतात. काही जागा शिकायला जास्त वेळ घेतात, हे लीगने स्वतःच लिहून मान्य केलंय. फक्त बचावपटूंना त्यांनी आक्रमकांच्याच रांगेत उभं केलं.

सगळ्यात ठसठशीत उदाहरण फ्रँक कोराडोचं. २०११ मध्ये व्हँकुव्हरने त्याला पाचव्या फेरीत निवडलं होतं. ऑक्टोबर २०१५ मध्ये तो वेव्हर्सवर आला आणि टोरंटोने उचलला. वय बावीस, उजव्या हाताचा, स्केटिंग चांगलं, आणि मूळचा टोरंटोकडचाच. चाहते खूश. त्यानंतर टोरंटोचे पहिले अठ्ठावीस सामने तो प्रेस बॉक्समधून पाहत होता. मधे अंग मोकळं करायला त्याला थोडे दिवस एएचएलमध्ये धाडलं, पण कायमचं पाठवलं तर दुसरा कुणी नेईल ही भीती. हंगामात त्याच्या वाट्याला एकूण ३९ सामने आले आणि पुढच्या हंगामात अवघे दोन. मार्च २०१७ मध्ये त्याला पिट्सबर्गला देऊन टाकलं. व्हँकुव्हरने सोडून दिला म्हणून बोलणी खाल्ली आणि टोरंटोने घेऊन काही केलं नाही. बावीस ते चोवीस ही बचावपटूची घडण्याची वर्षं, ती त्याची सूट-बूट घालून गेली. पाहुण्याला पाटावर बसवायचं आणि पान वाढायचंच नाही, असला हा पाहुणचार.

लासी थॉमसनची गोष्ट वेगळ्या प्रकारची. २०१९ च्या निवडीत ओटावाने त्याला एकोणिसाव्या क्रमांकावर घेतलं होतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये अनाहाइमने त्याला वेव्हर्सवरून उचललं. आदल्या हंगामात अनाहाइम तक्त्याच्या अगदी तळाला होतं, त्यामुळे पहिला मान त्यांचाच. काही आठवड्यांत त्यांनी त्याला पुन्हा वेव्हर्सवर ठेवलं, ओटावाने परत घेतलं आणि बेलव्हिलच्या आपल्या एएचएल संघात पाठवलं. अनाहाइमसाठी तो एकही सामना खेळला नाही. यात कुणी नियम मोडला नाही की कुणी लबाडी केली नाही. पण ज्या आठवड्यांत बेलव्हिलमध्ये तो सामन्याला वीसेक मिनिटं खेळला असता, ते आठवडे हॉटेल आणि विमानतळावर गेले.

आता दुसरी बाजू, आणि ती लहान नाही. गुस्ताव फोर्सलिंगला कॅरोलायनाने जानेवारी २०२१ मध्ये वेव्हर्सवर ठेवलं. करोनामुळे त्या वर्षीचा हंगाम १३ जानेवारीला सुरू होणार होता आणि फ्लोरिडाने त्याला ९ तारखेला उचललं. वय चोवीस. पाचव्या फेरीतली निवड, तीन संघ बदललेले, आणि आदला पूर्ण हंगाम एएचएलमध्ये काढलेला. छप्पन सामन्यांच्या त्या तोकड्या हंगामात फ्लोरिडाने त्याला ४३ सामने दिले. २०२३-२४ मध्ये प्लस-मायनसमध्ये, म्हणजे तो बर्फावर असताना झालेले आणि खाल्लेले गोल यांच्या हिशेबात, तो +५६ वर साऱ्या लीगमध्ये पहिला होता. मार्च २०२४ मध्ये आठ वर्षांचा करार, वर्षाला सरासरी साडेसत्तावन्न लाख डॉलर. २०२४ आणि २०२५ असे लागोपाठ दोन स्टॅन्ली कप, म्हणजे लीगची विजेतेपदं. वेव्हर्सवरून याहून मोठं काही कुणाच्या हाती लागल्याचं निदान बचावपटूंत तरी आठवत नाही.

२०२२ च्या ऑक्टोबरमध्ये एकाच आठवड्यात असे दोघे निघाले. कॅल्गरीचा युसो वॅलिमाकी, २०१७ च्या निवडीतला सोळावा, गुडघ्याच्या शस्त्रक्रियेने २०१९-२० चा अख्खा हंगाम गमावलेला आणि २०२१-२२ मध्ये एनएचएलचे फक्त नऊ सामने मिळालेला. ॲरिझोनाने उचलला, पॉवर प्लेवर, म्हणजे समोरचा एक माणूस शिक्षेवर बाहेर असतानाच्या खेळात, लावला, आणि त्याने ७८ सामन्यांत ३४ गुण (गोल आणि गोलसाठीचे पास मिळून) केले. आणि विनिपेगचा जोनाथन कोवाचेविच, वय पंचवीस, पदरी एनएचएलचे चार सामने. मॉन्ट्रियलने त्याला ७७ सामने खेळवलं. पुढे तो न्यू जर्सीला गेला आणि २०२५ मध्ये वर्षाला चाळीस लाख डॉलरचा पाच वर्षांचा करार घेऊन बसला.

या तिघांना कोराडोपासून वेगळं काय करतं? गुणवत्ता म्हणणं सोपं आहे, पण उचलल्या दिवशी फोर्सलिंगची गुणवत्ता कुणाला दिसत होती? दिसली असती तर फ्लोरिडाच्या आधी मान असलेल्या संघांनी हात का आखडले असते? फरक रिकाम्या खुर्चीचा होता. मॉन्ट्रियल मागच्या वर्षी तळाला होतं, त्या सुरुवातीला माइक मॅथसन आणि जोएल एडमंडसन दोघे जायबंदी होते, आणि उजव्या बाजूला माणूसच नव्हता. ॲरिझोना संघ नव्याने बांधत होतं, हरल्याने कुणाची नोकरी जाणार नव्हती. कॅरोलायनाकडे मात्र स्लेव्हिन, पेशी, शे, हॅमिल्टन अशी भक्कम फळी होती. तिथे फोर्सलिंगला कोण विचारणार? फ्लोरिडात त्याच्यासाठी जागा होती.

म्हणून व्यवस्थापकाने हक्क सांगण्याआधी पहिला प्रश्न ‘पोरगा चांगला आहे का’ असा विचारू नये. ‘हा आला तर बाहेर कोण बसणार’ असा विचारावा आणि उत्तरात नाव घ्यावं. नाव घेता येत नसेल तर फोन खाली ठेवावा. त्यानंतर हात पाहावा. डाव्या बाजूला चार डावरे बचावपटू असलेल्या संघाने पाचवा डावरा उचलणं म्हणजे हौस. जखमी झालेल्याच्या जागी प्रशिक्षक त्याच बाजूचा माणूस घालतो, आणि पाचव्याची पाळी यायला दोघे पडावे लागतात. बचावफळी सांभाळणाऱ्या सहायक प्रशिक्षकाला हक्क सांगण्याआधी विचारलं पाहिजे, नंतर कळवून भागत नाही. बर्फावर कोण उतरणार हे सामन्याच्या रात्री तोच ठरवतो, आणि त्याच्या गळ्यात परस्पर घातलेल्या खेळाडूकडे तो कसा पाहतो हे सांगायला नको.

चित्रफिती कोणत्या पाहता तेही महत्त्वाचं. हंगामपूर्व सामन्यांच्या पाहून निर्णय घेणं सगळ्यात मोठी चूक. समोरचा निम्मा संघ एएचएलचा असतो, अनुभवी खेळाडू दुखापत टाळत तीन चतुर्थांश वेगाने खेळतात, आणि अशा सामन्यात पक घेऊन सुसाट पुढे जाणारा पोरगा डोळ्यांत भरतो. मागच्या एएचएल हंगामाच्या शेवटच्या पंधरा-वीस सामन्यांच्या फिती काढाव्यात. त्यात तीन गोष्टी बघाव्यात. कोपऱ्यातून पक किती वेळा स्वच्छ बाहेर निघतो, पेनल्टी किलमध्ये, म्हणजे आपला माणूस शिक्षेवर बाहेर असताना, त्याला कोणत्या जोडीत लावलं जातं, आणि एका गोलने पुढे असताना शेवटच्या दोन मिनिटांत प्रशिक्षक त्याला बर्फावर ठेवतो का. एएचएलचा प्रशिक्षकच त्याला तेव्हा बसवत असेल, तर एनएचएलचा उभा करणार नाही.

कागदपत्रांचाही एक भाग आहे, ज्याकडे बाहेरच्यांचं लक्ष जात नाही. खेळाडू युरोपीय असेल आणि अमेरिकेतून कॅनडात किंवा उलट यायचा असेल, तर कामाच्या परवान्यात काही दिवस जातात. तोवर तो पगारावर, यादीत, पण बर्फाबाहेर. नव्या संघाची बचावाची पद्धत, म्हणजे माणसाला धरून खेळायचं की जागेला, ती शिकायला आणखी आठ-दहा दिवस. तेवढ्यात संघाचे पाच-सहा सामने झालेले असतात आणि सहाजणांची घडी बसलेली असते. म्हणून त्याचा पहिला सामना कोणत्या तारखेला, हे उचलतानाच कॅलेंडरवर लिहावं. पहिल्या वीस सामन्यांत दहा तरी. ते शक्य नसेल तर त्याला सोडून द्यावं, म्हणजे जुन्या मालकाला परत घेऊन थेट एएचएलला पाठवता येईल अशा मुदतीत तरी तो मोकळा होईल.

यावर एक चोख उत्तर खेळाडूंच्या बाजूने येतं आणि ते झटकून टाकता येत नाही. २०२५-२६ मध्ये एनएचएलचा किमान पगार वर्षाला ७ लाख ७५ हजार डॉलर होता. दुहेरी करार, म्हणजे दोन्ही लीगसाठी वेगवेगळा पगार लिहिलेला करार, असलेल्या पोराला एएचएलमध्ये साधारण त्याच्या आठव्या-दहाव्या हिश्शाएवढं मिळतं. प्रेस बॉक्समध्ये बसून का होईना, एका हंगामात त्याची आठ-दहा वर्षांची कमाई होते. ‘तुझ्या भल्यासाठी तू खाली खेळ’ हे त्याला सांगायला आपलं काय जातं? कारकीर्दीचं काही सांगता येत नाही, गुडघा उद्या जाईल. त्यामुळे जो काही बदल व्हायचा तो त्याच्या पगाराला हात न लावता व्हायला हवा.

दुसरं उत्तर असं सुचवलं जातं: बचावपटूंची सूट गोलरक्षकांसारखी वाढवून द्या. वरचं कोष्टक वाचल्यावर हे पटण्यासारखं वाटतं. मला मात्र ते साफ अमान्य आहे. सूट वाढली असती तर वॅलिमाकी आणखी वर्षभर कॅल्गरीच्या एएचएल संघात राहिला असता. ज्यांच्याकडे बचावपटूंची रास आहे त्यांनाच ही सवलत फळते. वेव्हर्सचा मूळ हेतू साठेबाजी मोडण्याचा आहे आणि त्यात तो बऱ्यापैकी यशस्वी आहे. दार बंद करून प्रश्न सुटणार नाही. दारातून आत आलेल्याला हलता येत नाही, ही खरी तक्रार.

बदल तिथेच हवा. २०१३ पासूनच्या नियमांत संघाला खेळाडू त्याच्या संमतीने चौदा दिवसांपर्यंत एएचएलमध्ये ‘कंडिशनिंग’साठी पाठवता येतो. तो तेवीसांत मोजला जातो, पगार एनएचएलचाच मिळतो. वेव्हर्स चुकवायला हे वापरलं जातंय असा संशय आला तर आयुक्त चौकशी करू शकतात. चौदा दिवसांत एएचएलचे पाच-सहा सामने होतात, फार तर सात. नव्या शहरात आलेल्या, महिनाभर न खेळलेल्या बचावपटूला पाय सापडेपर्यंत मुदत संपते. हंगामपूर्व वेव्हर्सवरून उचललेल्या पंचवीसच्या आतल्या बचावपटूसाठी ही मुदत एकदाच, डिसेंबरअखेरपर्यंत केव्हाही, तीस दिवसांची करावी. बाकी अटी तशाच ठेवाव्यात: संमती त्याची, पगार पूर्ण, तेवीसांत जागा अडलेली, पन्नासांत करार मोजलेला. जागा अडलेली राहिली की कुणी हौसेने चार-चार पोरं उचलून साठवणार नाही, कारण प्रत्येकासाठी बर्फावरचा एक माणूस कमी होतो.

याला जोड म्हणून दुसरी अट. उचलणाऱ्याने पहिल्या पंचवीस सामन्यांत त्याला, तंदुरुस्त असताना, दहाही सामने दिले नाहीत, तर जुन्या मालकाला त्याच करारावर परत मागायचा आणि वेव्हर्सविना एएचएलला पाठवायचा हक्क मिळावा. परत गेल्यावरही त्या हंगामापुरता पगार एनएचएलच्याच दराने, आणि फरक उचलणाऱ्याने भरायचा. ही अट २०१५ मध्ये असती तर कोराडोचा निकाल डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच लागला असता, आणि टोरंटोनेही बहुधा त्याला आधीच बर्फावर उतरवलं असतं. व्यवस्थापक कुरकुरतील की प्रशिक्षकाने कुणाला खेळवावं हे लीगने का ठरवायचं. लीग ते ठरवत नाहीये. फुकट घेतलेली वस्तू वापरायची नसेल तर परत करा, एवढंच म्हणतेय.

हे आताच बोलायचं कारण म्हणजे सप्टेंबर २०२६ पासून लागू होणारा नवा सामूहिक करार. त्यात हंगाम ८२ ऐवजी ८४ सामन्यांचा आणि हंगामपूर्व सामने मात्र जास्तीत जास्त चार. आजवर सहा-आठ सामने बघून सातवा बचावपटू ठरत होता, तो आता निम्म्यावर ठरणार. संघ आपल्याच पोरांबद्दल कमी खात्रीने निर्णय घेतील, वेव्हर्सची यादी चुकांनी भरेल, आणि त्या चुका उचलायला तळाचे संघ टपलेले असतील. सॅन होजेने २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये न्यू यॉर्क रेंजर्सचा टाय एम्बरसन असाच उचलला, जखमा सांभाळत ३० सामने खेळवला, आणि पुढच्या ऑगस्टमध्ये एडमंटनला देऊन कोडी सीसी आणि तिसऱ्या फेरीची एक निवड मिळवली. एडमंटनला तेव्हा लीगने ठरवलेल्या एकूण पगाराच्या मर्यादेत जागा मोकळी करायची घाई होती हे खरं, पण एम्बरसन त्यांच्याकडे पुढच्या हंगामात ७६ सामने खेळला हेही खरं. त्या ३० सामन्यांशिवाय हा सौदा झालाच नसता, कारण प्रेस बॉक्समधल्या माणसाची फीत कुणाला पाहता येत नाही.